गोणी पायथ्याशी ठेवू नका

सासूबाई परवा शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "आमची सून रविवारी पहाटे चारला उठून डोंगरावर कचरा वेचायला जाते." खरं तर मी पळायला जाते. पण त्यांना दिसते ती ॲक्टिव्हाच्या पायाशी ठेवलेली गोणी, आणि तिचा वास पार्किंगभर येतो. त्यामुळे त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही.

डिसेंबरात सह्याद्रीतली ५० किलोमीटरची एक शर्यत पळायची आहे. मॅरेथॉनच्या ४२.१९५ च्या पुढे गेलं की अल्ट्रा. पण डोंगरात किलोमीटरला फार अर्थ नसतो; किती मीटर चढलात आणि किती तास पायांवर होतात, ते बघायचं. म्हणून नाशिकच्या गंगापूर रोडचं सपाट पळणं कमी केलं. आठवड्यातून दोनदा पांडवलेणीच्या पायऱ्या, रविवारी अंजनेरीचा डोंगर: वर, खाली, परत वर. चढाला दम लागतो, पण मांड्या मोडतात त्या उताराला. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जाता जाताच ब्रेकचं काम करत असतो. त्याचा हिशोब मंगळवारी ऑफिसचा जिना उतरताना चुकता होतो.

कचरा उचलायला लागले ते काही फार उदात्त विचाराने नाही. दुसऱ्या फेरीत पाय संपले होते, चालतच चढत होते आणि एका कपारीत, आम्ही पळणारे ताकदीसाठी खातो त्या एनर्जी जेलचं रिकामं पाकीट दिसलं. हनुमान जयंतीला येणारे भाविक जेल खात नाहीत. ते आमच्यापैकीच कोणाचं तरी होतं. तोपर्यंत मीही इतरांसारखीच "पब्लिक किती घाण करते" म्हणत नाक मुरडायचे. त्या दिवशी ते पाकीट उचललं आणि मग शेजारची बाटली तशीच सोडणं बरं दिसेना.

तेव्हापासून पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, एकेकट्या चपला असं सगळं गोळा होतं. (डायपर इतक्या वर कसा पोचतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.) वाकायचं ते चढताना. उतरताना वाकायला गेलं की लय तुटते. मी एकदा गुडघा फोडून घेतला आहे. बाटली चेपून झाकण लावायचं, नाहीतर दहा बाटल्यांतच गोणी फुगते आणि करवंदीच्या जाळीत अडकते.

आमच्या ग्रुपवर याला प्लॉगिंग म्हणतात. शब्द स्वीडनचा, २०१६ च्या सुमाराचा. त्यांच्याकडे 'प्लॉका उप' म्हणजे उचलणं, त्याला जॉगिंग जोडलं. नाव झकास आहे. पण स्टॉकहोममध्ये उचललेली बाटली टाकायला पुढच्या चौकात डबा असणार. अंजनेरीच्या पायथ्याशी काय आहे?

दोन वर्षांपूर्वी आम्ही पंचवीसेक जणांनी दणक्यात मोहीम काढली. बॅनर, एकसारखे टी-शर्ट, गोण्यांची रास आणि रासेपुढे फोटो. तो फोटो याच वॉलवर आहे, शोधलात तर सापडेल. गोण्या पायथ्याशी रचल्या आणि "कोणीतरी नेईल" म्हणत मिसळ खायला गेलो. पुढच्या रविवारी पाहते तर निम्म्या गोण्या जनावरांनी फाडलेल्या, उरलेल्या जाळलेल्या. काळं वितळलेलं प्लास्टिक दगडाला घट्ट चिकटलेलं. पायऱ्यांजवळ लिंबू सरबत विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, तुम्ही गोळा करून जाता, मग पेटवायचं कोनी? आमीच ना! धूर आमच्याच घरात."

यावर मला बोलायला काही उरलं नाही. डोंगरभर पसरलेला कचरा आम्ही एका जागी आणून त्यांच्या दारात ठेवला होता.

म्हणून आता माझं म्हणणं एवढंच आहे: गोणी शहरात परत न्या. कचरा बहुतेक शहरातूनच आलेला असतो. बाटल्या भंगारवाला किलोवर घेतो. वेफर्सच्या पाकिटांना तो हात लावत नाही, कारण प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. ती सुक्या कचऱ्यात, घंटागाडीत. पुढे पाथर्डीच्या कचरा प्रकल्पात त्यांचं सोनं होतं असा माझा मुळीच समज नाही. पण निदान मावशींच्या चुलीपाशी ती जळत नाहीत. राज्यात २०१८ साली पिशव्यांवर बंदी आली, ही पाकिटं मात्र सुटली. ते मूळ दुखणं माझ्या गोणीने बरं होणारं नाही.

एक मित्र म्हणतो, "यात तुझा ट्रेनिंगचा वेळ जातो." जातो. फेरीमागे वीस मिनिटं तरी. "ओझं घेऊन उतरल्याने पाय तयार होतात" वगैरे मी सांगणार नाही. खांदा दुखतो, बाकी काही होत नाही.

पावसाळ्यात वाटेबाहेरच्या गवतात पाकिटासाठीसुद्धा शिरू नका. अंजनेरीच्या नावावरूनच जिचं शास्त्रीय नाव सेरोपेजिया अंजनेरिका पडलं, ती कंदीलपुष्पाची नाजूक रोपटी तिथे उगवतात. २०१७ मध्ये या डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, त्याला अशा वनस्पतींचाही हातभार आहे. चाळीस बुटांखाली त्या चिरडून वेफर्सचं एक पाकीट मिळवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

शर्यतींच्या आयोजकांबद्दलही बोलायला हवं. आल्प्समधल्या यूटीएमबी या डोंगरी शर्यतीत, जिथे सुमारे १७० किलोमीटरमध्ये जवळपास १०,००० मीटर चढायचं असतं, प्रत्येक धावपटू स्वतःचा पेला घेऊन पळतो. आपल्याकडे मी पळालेल्या एका शर्यतीत पाण्याच्या प्रत्येक टेबलाखाली कागदी पेल्यांचा खच होता, आणि 'पर्यावरणपूरक' असं छापलेला टी-शर्ट मिळाला तो प्लास्टिकच्या पिशवीत. जेलच्या पाकिटावर मार्करने बिब नंबर, म्हणजे धावपटूचा शर्यतीतला क्रमांक, लिहायला लावा. सापडलं पाकीट, करा बाद. मला आधी करा, चालेल.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी आणि २०२७ चा सिंहस्थ यांबद्दल वेगळं लिहीन. तिथला पसारा माझ्या गोणीत मावणारा नाही.

या रविवारी पहाटे साडेचारला एबीबी सर्कलवरून निघतेय. येणार असाल तर आपापली गोणी आणा. सिमेंटची असली तर आधी झटकून घ्या. खताची नको, धुतली तरी हात खाजतात.