नव्वद मिनिटं झाली, उठा!

शनिवारी रात्री सिंगापूरच्या एका हॉटपॉट हॉटेलात, म्हणजे टेबलावरच्या शेगडीवर उकळत्या सूपमध्ये आपलं आपणच शिजवून खायचं अशा ठिकाणी, माझ्या आईच्या भांड्याखालची शेगडी बंद केली. भांड्यात मका होता, कमळकाकडी होती, पांढऱ्या मुळ्याचे चार तुकडे होते. आईच्या वाटीत त्यातलं काहीही अजून पडलेलं नव्हतं. मॅनेजर आला, आमच्या मधून हात घातला, बटण दाबलं आणि म्हणाला, "टाइम्स अप." बहात्तर वर्षांच्या बाईच्या पुढ्यात शिजत असलेलं अन्न! दोन दिवस झाले, माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

आईबाबा महिनाभरासाठी सिंगापूरला आलेत. बाबांची पंच्याहत्तरी होती. बाबा वेंगुर्ल्याचे. 'माला' म्हणजे झणझणीत तिखट हॉटपॉट, त्यातली सेचुआनी मिरी म्हणजे आपल्या तिरफळाच्याच कुळातली, जिभेला तशाच मुंग्या आणणारी, हे सांगितल्यापासून ते हरखले होते. "म्हणजे बांगड्याच्या तिखल्यात घालतो तीच की!" असं दिवसातून तीनदा. म्हणून ठरवलं, जायचं तर चांगल्या ठिकाणी जाऊ. ऑर्चर्ड या खरेदीच्या भागातल्या मॉलमधलं, पितळी दिवे, बर्फाच्या घुमटावर मांडलेले मांसाचे काप, असं सगळं असलेलं.

आई माळकरी आहे. ती कुणाच्या ताटाला नाक मुरडत नाही, शेजारी बसून बाबांना कोलंबी सोलून देईल, पण स्वतःचं भांडं वेगळं हवं. एवढंच तिचं मागणं. म्हणून मी चार दिवस आधी फोन केला. वेगळं भांडं, वेगळी पळी, शाकाहारी सूप. दोनदा विचारलं, दोनदा "येस, येस" ऐकलं. बुकिंगसाठी क्रेडिट कार्डाचा नंबर घेतला, आला नाहीत तर माणशी ५० डॉलर कापू म्हणाले. आमचा शब्द मोडला तर ५० डॉलर. त्यांनी त्यांचा मोडला तर?

कारण मोडलाच! टेबलात चार खणांचं एकच भांडं बसवलेलं. माला आम्ही मुद्दाम तेलातलं मागवलं होतं, कारण चीनमधल्या चोंगचिंगचं जुन्या पद्धतीचं माला गोमांसाच्या चरबीत करतात आणि बाबा ते खात नाहीत. त्याच्या शेजारच्या खणात कोंबडीच्या हाडांचं सूप, आणि त्याला लागून आईचं मशरूमचं. "मध्ये पार्टिशन आहे ना, मिसळत नाही." अहो, उकळी फुटली की थेंब उडतात! एकच पळी चार खणांत फिरते! हे रोज भांडी उकळणाऱ्या माणसाला मी सांगायचं?

वेगळं भांडं यायला चाळीस मिनिटं लागली. मध्ये मी तिघांना विचारलं. पहिला म्हणाला येतंय, दुसरा म्हणाला क्यूआर कोडवरून मागवा, तिसरीनं, बिचारी नवीन मुलगी होती, खरं ते सांगून टाकलं, की मशरूमच्या सूपमध्ये चिकन पावडर असते. म्हणजे फोनवर दोनदा दिलेली ग्वाही खोटी होती. ती पोर बोलली नसती तर आईनं ते प्यायलं असतं. त्या मुलीवर माझा राग नाही, तिचे आभारच आहेत. राग आहे तो चार दिवस आधी "येस, येस" म्हणणाऱ्यावर.

मग आईसाठी साधं पाणी उकळायला ठेवलं. त्या पाण्याचे बिलात 'सूप' म्हणून ८ डॉलर.

आणि या सगळ्या वेळात घड्याळ चालू होतं. नव्वद मिनिटं मोजतात ती तुम्ही खुर्चीत टेकल्यापासून, अन्न आल्यापासून नाही. साठाव्या मिनिटाला शेवटची ऑर्डर. आईच्या भाज्या आल्या पासष्टाव्या मिनिटाला, पाण्याला उकळी यायला आणखी दहा. मांसाचा पातळ काप दहा-पंधरा सेकंदांत होतो, माशाचा तुकडा दोनेक मिनिटांत. मक्याच्या कणसाला दहा मिनिटं लागतात, मुळ्याला त्याहून जास्त, आणि प्रत्येक वेळी गार भाजी टाकली की उकळी बसते. वेळेची ही मर्यादा ज्यानं ठरवली त्यानं शाकाहारी माणूस जेवायला येतो हे धरलेलंच नाही. येतो तर पैसे मात्र पूर्ण घेतात. सॉसच्या काउंटरचे माणशी ५ डॉलर आईचेही लावले. तिथे तिच्या उपयोगाचं काय होतं? तीळ, कोथिंबीर, लसूण आणि मिरची.

क्यूआर कोडचंही एकदा बोलूनच टाकते. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या हातात जेवणाची यादी का देत नाही? बाबा चष्मा वर-खाली करत माझ्या फोनमध्ये डोकावत होते. ज्यांचा वाढदिवस त्यांना पदार्थ निवडता येऊ नये? आणि नंतर न विचारता डोक्यावर प्लास्टिकचा मुकुट ठेवून, टाळ्या पिटत गाणं म्हणायला सहा जण आले. आईचं भांडं आणायला एक माणूस मिळत नव्हता!

बिल ३१२ डॉलर. त्यात आम्ही न मागितलेले शेंगदाणे, ओले रुमाल, आणि माणशी एक डॉलर गरम पाणी. या शहरात नळाचं पाणी थेट पिता येतं, त्याचे पैसे! वर १० टक्के सेवाशुल्क, ३१ डॉलर २० सेंट. वर ९ टक्के जीएसटी, तोही सेवाशुल्क धरून. झाले ३७४ डॉलर ९ सेंट. आपले पंचवीसेक हजार रुपये. इथे बाकीच्या दुकानांना जीएसटीसकट किंमत लिहावी लागते, सेवाशुल्क घेणाऱ्या हॉटेलांना मात्र त्यातून सूट आहे, म्हणून ती किमतीपुढे 'प्लस प्लस', म्हणजे वर सेवाशुल्क आणि वर कर, लिहून मोकळी होतात. २०२३ मध्ये कर सातावरून आठ टक्के झाला, २०२४ मध्ये नऊ. कर सरकारचा, तो भरेन. पण सेवाशुल्क कसलं? भाजी मी शिजवली, कोलंबी आईनं सोलली, वाढलं आम्ही एकमेकांना. भारतात निदान दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये सांगितलं की सेवाशुल्काची सक्ती करता येणार नाही. इथे मी ते काढा म्हटलं, तर मॅनेजरनं मेन्यूच्या तळाची बारीक ओळ दाखवली.

आणि हे अन्न मुळात कुणाचं? चोंगचिंगच्या नदीकाठच्या हमाल-खलाश्यांचं, असं सांगतात. कुणी न घेतलेली आतडी-कोथळी तिखटात उकळून, थंडी-दमटात एकाच भांड्याभोवती बसून खायची. तिथल्या नऊ खणांच्या भांड्याचं तर असं सांगतात, की अनोळखी माणसांनाही एका विस्तवावर आपापला खण घेऊन बसता यावं. भांड्याभोवती रेंगाळायचं, बोलत बसायचं, हेच ते जेवण. त्याला नव्वद मिनिटांचं घड्याळ लावणाऱ्यांना ते जेवण कळलेलंच नाही.

मला पहिल्यापासून ताटावर उभं राहणाऱ्यांची चीड आहे. पुण्यात लग्नाच्या हॉलमध्ये आपल्या खुर्चीची पाठ धरून उभे राहतात, आपला शेवटचा घास मोजत, तेव्हाही मी भांडलेली आहे. आमच्या घरी पंगतीत आजोबा फिरायचे, प्रत्येक पानापाशी थांबून म्हणायचे, "सावकाश होऊ द्या." गडीमाणसांनाही तेच म्हणायचे. घाई कुणी करत नसे, आणि कुणी करायला लागला तर त्यालाच ओरडा बसायचा.

शनिवारी शेगडी बंद झाल्यावर मी उठून भांडायला लागले. बाबा मुकुट काढून हातात धरून बसले होते. आईनं माझा हात धरला, "असू दे गं, मला भूकच नव्हती." घरी आलो साडेदहाला. मी कुकर लावला, वरणभात केला. ती दोनदा भात घेऊन जेवली.