परदेशातल्या नागरिकांच्या मतदानाबद्दल खुलासा

मित्रांनो, मी परवा टाकलेली पोस्ट, की देश सोडून गेलेल्यांना कुठलंच सरकार मत देऊ देत नाही, फक्त पैसे पाठवा म्हणतं, ती चुकीची आहे आणि खूप फॉरवर्ड होतेय म्हणून लिहितोय. नियम नीट वाचले तेव्हा कळलं की फ्रान्समध्ये २०१२ पासून परदेशातले फ्रेंच नागरिक स्वतःचे ११ खासदार निवडतात, इटलीत ८ खासदार आणि ४ सिनेटर, तेही पोस्टाने मत देऊन. आयर्लंडसारख्या देशात मात्र बाहेर स्थायिक झालेल्यांना साधारणपणे मत नाही, त्यांची नाराजी मला पटते. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजलं ही माझी चूक. जुनी पोस्ट कृपया पुढे पाठवू नका, पाठवली असेल तर डिलीट करा.