यात दम नाही, पाद्रीसाहेब

हा निकाल आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या काकांनी शनिवारी रात्री दहाच्या सुमारास दिला. रविवारी सकाळी मी उपासनेला निघालो तोवर तो सोसायटीभर पोचला होता. वॉचमननं सलाम करता करता माझ्या हातातल्या कापडी पिशवीकडे पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी कधी नव्हे ते ‘जपून जा हं’ म्हटलं. पिशवीत पाऊण लिटरची एक बाटली होती आणि तिच्यात मनुकांचा रस होता. दम नसलेला, हे मलाही मान्य आहे. तो नसावा म्हणूनच तर शनिवारची आख्खी संध्याकाळ मी गॅसपाशी उभा होतो.

राहतो बडोद्यात. गुजरात राज्य 1960 साली झालं तेव्हापासून इथे दारूबंदी. आणि माझा धंदा असा, की महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चच्या मंडळीला भाकर आणि द्राक्षारस द्यायचा. यालाच आम्ही प्रभुभोजन म्हणतो. ‘द्राक्षारस’ हा शब्द आमच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, फार जुना आणि सोज्वळ आहे, पण बडोद्याच्या जिन्यात तो मोठ्यानं उच्चारता येत नाही. खरं तर धार्मिक विधीला लागणाऱ्या मद्यासाठी रीतसर परवानगीची सोय कायद्यातच आहे, आणि ज्या चर्चांमध्ये खरी वाइन लागते ते तसं करतात. आमच्या परंपरेत रस न आंबवलेलाच लागतो. म्हणजे मला परवाना नको, फक्त मनुका हव्यात.

कृती सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला वास आला तर कसला ते कळेल. आमच्याकडे पहिल्या रविवारी साधारण चौऱ्याऐंशी जण प्रभुभोजन घेतात. काचेच्या छोट्या पेल्यात काठापर्यंत दहा-बारा मिली मावतं, पण काठापर्यंत भरलं की म्हाताऱ्यांच्या थरथरत्या हातातून शर्टावर येतं. म्हणून सात मिली. झाले पाचशे अठ्ठ्याऐंशी. सांडलवंड धरून पाऊण लिटर. त्यासाठी पाव किलो काळ्या, बियांच्या मनुका आणि एक लिटर पाणी. मनुका कोमट पाण्यात तीनदा चोळून धुवायच्या, कारण एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना तेलकट हात लागलेला असतो आणि तो नंतर पेल्यात तवंग होऊन तरंगतो. आठ-दहा तास भिजवायच्या, हातानं कुस्करायच्या, मंद आचेवर वीस मिनिटं उकळायच्या आणि मलमलीतून गाळायच्या. पिळायच्या नाहीत. पिळल्या की गाळ उतरतो आणि रस गढूळ दिसतो. गाळलेला रस पुन्हा एक उकळी आणून, उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत गरम असतानाच गळ्यापर्यंत भरायचा. भांडं स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियमला द्राक्षातलं आम्ल लागतं आणि मग प्रभुभोजनाला डब्याची चव येते.

उन्हाळ्याच्या तोंडाला खंडेराव मार्केटात नाशिक-सांगलीकडची काळी द्राक्षं येतात तेव्हा रंग सुरेख निघतो. बाकीच्या दिवसांत मनुका, आणि मनुकांचा रंग कडक चहासारखा. खजिनदारांच्या मिसेस दर वेळी सुचवतात, ‘एक बीटाचा तुकडा टाका ना, लालचुटूक होईल.’ मी दर वेळी सांगतो, की शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूनं द्राक्षवेलीच्या उपजाचं नाव घेतलं आहे आणि बीट वेलीवर लागत नाही. कोकमही लागत नाही. माझ्या आधी एका वर्षी घाईत कुणीतरी रूह अफ़ज़ा ओतलं होतं म्हणे. त्या रविवारी मुलं पुन्हा रांगेत आली होती, आणि ती आठवण मंडळीत अजून प्रेमानं काढली जाते. माझ्या कुठल्याही उपदेशाची तशी काढली गेलेली नाही.

तर शनिवारी साडेनऊला बेल वाजली. काका लेंगा-बनियनवर.

‘वास येतोय,’ ते म्हणाले.

‘कसला?’

‘तेच बघायला आलोय ने.’

बडोद्यात तिसऱ्या पिढीपासून असलेल्या माणसाच्या मराठीला हे ‘ने’ असतंच. काका आत आले आणि त्यांनी दार स्वतःच लावून घेतलं, कडीसकट. मग थेट स्वयंपाकघरात. तिथे त्यांना काय दिसावं? पातेल्यात उकळत्या पाण्यात उलट्या घातलेल्या दोन बाटल्या. नळावर वाळत घातलेली, तपकिरी डाग पडलेली मलमल. नरसाळं. आणि एक मोठी सिरिंज. (बिनसुईची, पन्नास मिलीची. पेले भरायला तिच्यासारखं दुसरं साधन नाही. किटलीनं एक पेला भरतो आणि तीन न्हातात.) शेजारी पातेलीभर काळपट तांबडा रस.

काकांनी वाकून पाहिलं. ‘रमचा रंग आहे,’ ते कुजबुजले.

‘काका, मनुकांचा रस आहे.’

‘हो, हो. मनुकांचा असतो. गुळाचा पण असतो. तुम्ही घाबरू नका, मी कोणाला बोलणार नाय.’

‘अहो, बोला की. उद्या प्रभुभोजन आहे, त्यासाठी आहे.’

‘तेच सांगतोय. देवाच्या नावावर बरं असतं.’ मग जाणकारासारखे स्टूल ओढून बसले. ‘किती दिवस ठेवता?’

‘एक रात्र भिजवतो.’

‘एकच? घाई करता तुम्ही. पंधरा दिवस तरी पाहिजे.’

आता खरं म्हणजे मी इथे थांबायला हवं होतं. पण मी उपदेशक. समोर एक जरी माणूस बसलेला दिसला तरी मला समजावून सांगावंसं वाटतं. मी सांगितलं, की द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असतंच. कच्चा रस तसाच ठेवला तर आपल्या बडोद्याच्या उकाड्यात दोन-तीन दिवसांत बुडबुडे धरतो. साखरेचं अल्कोहोल होतं आणि वायू सुटतो. बूच घट्ट असलं तर उडतं. चर्चच्या कपाटात विसरलेल्या अशा बाटलीनं वेदीचं पांढरं कापड कसं होतं ते मी पाहिलेलं आहे (डागावर गरम पाणी घालायचं नाही, पक्का होतो. आधी गार). म्हणून आपण रस उकळतो. उकळला की यीस्ट मरतं. ही युक्ती 1869 साली अमेरिकेतल्या थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानं केली. पाश्चरनं वाइनवर केलेला प्रयोग त्यानं द्राक्षाच्या रसावर केला, खास प्रभुभोजनासाठी, रस आंबू नये म्हणून.

काका लक्ष देऊन ऐकत होते. इतकं लक्ष मला रविवारी मिळत नाही.

‘म्हणजे मुद्दाम मारता?’

‘मुद्दाम.’

‘होत असतं ते होऊ देत नाय?’

‘नाही.’

‘पोलिसांच्या भीतीनं?’

‘नाही हो. आमची श्रद्धा तशी आहे.’

काका थोडा वेळ गप्प राहिले. ‘भीतीनं असतं तर समजलं असतं,’ ते शेवटी म्हणाले, आणि दंतवैद्याबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते मी इथे लिहीत नाही.

मग खरं प्रकरण बाहेर आलं. काकांचं परमिट आहे. तब्येतीचं, डॉक्टरी कागदांवर मिळतं ते. त्याची मुदत संपली होती आणि नवं करायला टाकलं होतं. मध्ये हे कोरडे दिवस. ‘एक वाटी द्या फक्त,’ ते म्हणाले. ‘औषधाला.’

बायबलातल्या प्रेषित पौलानं आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं, ते मला आठवलं, पण मी ते बोललो नाही. काकांना पौल आवडला असता. मी सिरिंजनं एक पेला भरून दिला. सात मिली. काकांनी तो दिव्याकडे धरला.

‘हे माप कुठलं?’

‘दर माणशी एक.’

‘दर माणशी एवढंच?’ पेला त्यांच्या दोन बोटांत टोपणासारखा दिसत होता. ‘आणि एवढ्याकरता लोकं रविवारी सकाळी उठून येतात?’

याचं उत्तर माझ्याकडे तयार असायला हवं. पगार त्याचाच आहे. पण त्या क्षणी मला आमची हजेरीची वही दिसली. उपासना दहाला. सव्वादहाला अर्धी बाकं. उपदेश चालू असताना बाहेर स्कूटर लागल्याचे आवाज येतात आणि प्रभुभोजनाच्या प्रार्थनेला माणसं आत शिरतात, ट्रेन सुटायच्या आत डबा गाठावा तशी. आधी प्रत्येकानं स्वतःला पारखावं आणि मग भाकर खावी, असं पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात आहे. आमच्याकडे पारख होते ती रसाची. ‘आधीचे पाळक जरा गोड करायचे.’ ‘या वेळी पातळ झाला.’ ‘भाकर कोरडी होती.’ कोरडी असणारच. ब्रेडच्या कडा काढून बोटाच्या पेराएवढे चौकोन मी रात्रीच कापून ठेवतो, कारण सकाळी हातभार लावतो म्हणालेले दोघे सकाळी फोन उचलत नाहीत. ओल्या फडक्यात झाकले तरी कडा वाळतात. आणि तबकात पेल्यांना खाचा चाळीस. चौऱ्याऐंशी माणसांना तिसरं तबक काढावं लागतं, त्यात चार पेले, आणि ते चार पेले घेऊन कोण उभं राहील यावरून पंच कमिटीत जे होतं ते बघता, शेवटच्या भोजनाच्या वेळी वरच्या माडीवर प्रभूच्या शिष्यांमध्ये मोठा कोण यावरून वाद झाला होता हे मला कधीच खोटं वाटलं नाही.

काकांनी पेला तोंडात रिकामा केला. डोळे मिटले. थांबले.

‘चढायला वेळ लागतो का?’

‘चढत नाही, काका.’

‘थोडा वेळ बघू.’

आम्ही दोघं बघत बसलो. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. मी पेले पुसत होतो. पाच-सात मिनिटांनी काका उठले, बनियन खाली ओढलं, आणि एखाद्या आजाऱ्याच्या नातेवाइकाला सांगावं तशा आवाजात म्हणाले, ‘यात दम नाही, पाद्रीसाहेब. हे तर आमच्या सुनेला बाळंतपणात द्यायचो ते पाणी.’

हसलो मी. तेव्हा हसलो. पण रविवारी पिशवी घेऊन जिना उतरताना हसू आलं नाही. दारू काढतो असा संशय घेतला म्हणून नाही. संशयाची मला सवय आहे. लग्नाच्या पंगतीत कोपरानं ढोसून ‘तुमच्यात तर चालतं ना?’ विचारतात. नाताळ आला की दोन ओळखीचे आणि एक अनोळखी माणूस हळूच ‘काही व्यवस्था?’ म्हणतो. ज्या मंडळीत थेंबाला शिवू नका म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शपथा दिल्या, तिच्या पाळकाला हे. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, प्रेषितांनाही लोक असंच म्हणाले होते, हे प्यायलेत म्हणून. पेत्रानं उभं राहून सांगितलं, अहो, सकाळचे नऊ वाजलेत. पेत्र बडोद्यात असता तर घड्याळ दाखवून त्याची सुटका झाली नसती. प्रभूनं पाण्याचा द्राक्षारस केला त्या काना गावच्या लग्नाचं तर मी सोसायटीत नावच काढत नाही. सहा रांजण, एकेकात दोन-तीन मण. हिशेब केला तर पाचशे लिटरच्या आसपास जातो. आमच्या चेअरमननी जनरल मीटिंग बोलावली असती.

लागलं ते हे, की आता संशय उरलेला नाही. आता कीव आहे. वॉचमनसुद्धा मला म्हणाला, ‘साहेब, सामान चांगलं घ्या.’ आणि त्याच रविवारी उपासना झाल्यावर मंडळीतले एक वडीलधारे, ज्यांना सोसायटीतलं काहीही ठाऊक नाही, पेला तबकात ठेवता ठेवता म्हणाले, ‘पास्टर, रस जरा मिळमिळीत झाला होता.’ उपदेशाबद्दल काही नाही. शास्त्रपाठाबद्दल नाही. हार्मोनियमची काळी चार पट्टी बसली आहे आणि सगळं गायन अर्धा सूर खाली चाललं आहे, त्याबद्दलही नाही.

सोमवारी संध्याकाळी पुन्हा बेल. काका. या वेळी शर्ट घालून. हातात कागदाची पुडी.

‘अर्धा किलो आहेत. बियांच्या.’ पुडी माझ्या हातात देऊन त्यांनी मागे वळून जिना पाहिला. ‘माझ्या खर्चानं. या वेळी उकळू नका. पंधरा दिवस ठेवून तर बघा ने.’

मनुका उत्तम आहेत. काळ्याभोर, जाड सालीच्या, मी आणतो त्यापेक्षा नक्कीच महाग. अर्धा किलो म्हणजे दोन महिन्यांचं प्रभुभोजन. तीनदा धुऊन वीस मिनिटं उकळणार आहे. काकांना सांगितलेलं नाही. ते रोज जिन्यात भेटले की हळूच विचारतात, ‘कितवा दिवस?’