रेझिस्टर लावा असं मी लिहिलं होतं, ते चुकलं

दादा, नमस्कार. तुम्ही लिहिलंय की माझा लेख वाचून पिकअपच्या इंडिकेटरला एलईडी बल्ब बसवले. ते भराभर लुकलुकायला लागले म्हणून मी सांगितलेले रेझिस्टर, म्हणजे बल्बच्या जोडीला जादा करंट ओढणारे रोधक, लावले. मग टोमॅटो घेऊन पिंपळगावला जाताना रात्री टायर पंक्चर झाला, तासभर चारही इंडिकेटर चालू ठेवले आणि मागच्या टेललॅम्पचं प्लॅस्टिक वितळलं. "साध्या बल्बनं काय घोडं मारलं होतं?" असं विचारलंत.

तुमचा राग रास्त आहे. रेझिस्टर कुठे बसवायचा हे न सांगता 'रेझिस्टर लावा' एवढंच लिहिणं ही माझी चूक. ती ओळ मी काढून टाकली आहे.

झालं काय ते सांगतो. मूळ बल्ब २१ वॅटचा, एलईडी जेमतेम ३-४ वॅटचा. करंट कमी झाला की फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर चालू-बंद करणाऱ्या रिलेला, वाटतं बल्ब उडाला, आणि तो वेग वाढवतो. ड्रायव्हरला कळावं म्हणून ती खूण मुद्दाम ठेवलेली असते. ६ ओहमचा रेझिस्टर ही तूट भरतो, पण त्यातली सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. इंजिन बंद, १२ व्होल्ट धरा: २४ वॅट. लुकलुकताना निम्मा वेळ बंद, म्हणजे सरासरी १२. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. तिच्या निम्मी उष्णता तुमच्या टेललॅम्पमागच्या बंद जागेत तासभर साचली. रेझिस्टरवर '५० वॅट' छापलेलं असतं ते पत्र्याला घट्ट आवळून बसवला तर. वायरला टेपनं गुंडाळून लोंबकळत ठेवला तर नाही. वळणावरच्या दहा सेकंदांत हे कधी लक्षात येत नाही, म्हणूनच ते जास्त धोक्याचं.

खरा उपाय फ्लॅशर रिले बदलण्याचा. एलईडीसाठीचा तीन पिनांचा रिले मिळतो: बी म्हणजे बॅटरीकडून, एल म्हणजे लाईटकडे, ई म्हणजे अर्थ. तो करंट न बघता ठरलेल्या वेगानं चालतो. नियमाप्रमाणे मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकलं पाहिजे, तेवढं मोबाईलच्या घड्याळावर मोजून घ्या. ज्या नव्या गाड्यांत वेगळा रिलेच नसतो, सगळं कंट्रोल मॉड्यूलमधून, म्हणजे गाडीच्या छोट्या संगणकातून, चालतं, तिथे माझं आता सरळ सांगणं आहे: मूळ बल्बच राहू द्या.

जुन्या गाडीला मात्र मी एलईडीच बसवीन. रिकामा हौदा घेऊन शेतरस्त्यावरून येताना इतके हादरे बसतात की साध्या बल्बमधली तार, म्हणजे फिलामेंट, तुटतंच, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला आपण वळतोय हे कळत नाही. माझी सगळी काळजी त्याची आहे, बॅटरी वाचवण्याची नाही. पण याची एक किंमत आहे आणि ती मी लेखात सांगायला हवी होती: रिले बदलला की बल्ब गेल्याची ती खूणही जाते. मग रोज सकाळी इंडिकेटर लावून गाडीला एक फेरी मारणं आलंच.

बल्ब नारिंगीच घ्या. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात नारिंगी भाग कमी असतो, काचेतून फिकट पडतो. शिवाय लॅम्पमधला उजेड पसरवणारा आरसा फिलामेंटसाठी घडवलेला आहे. भर दुपारी पंधरा पावलं मागे जाऊन, मग बाजूला सरकून बघा. तिरकं उभं राहून दिसत नसेल तर तो बल्ब काढून टाका, कितीही महागाचा असो.

नवा टेललॅम्प लावायच्या आधी मागची अर्थची वायर चेसीसवरून सोडवा. चिखलपाण्यानं तिथे गंज धरतो आणि चांगला बल्बही मिणमिणतो. पॉलिश पेपरनं घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळा. डॅशखालचा रिले दोन पिनांचा निघाला तर ईसाठी अर्थची वेगळी वायर ओढावी लागेल. किती पिनांचा निघतो ते कळवा, कुठली वायर कुठे जाते ते लिहून देतो.