ज्याचा खांब त्याचा दिवा

समजा, तुम्ही कोल्हापूरच्या आसपासच्या एखाद्या गावचे सरपंच आहात. किंवा नगरपालिकेचे मुख्याधिकारी, नाहीतर नुकतेच निवडून आलेले नगरसेवक. आणि समजा, एक दिवस टपालात पत्र येतं : 'ऊर्जा बचत व संवर्धनाचा स्थानिक स्वराज्य संस्थांचा संयुक्त आराखडा तयार करणेकामी बैठकीस उपस्थित राहावे.' घाबरायचं काही कारण नाही. अशा पत्रांनी आजवर कुणाचं काही वाकडं झालेलं नाही. मात्र थोडी खबरदारी घ्या. वीज वाचवायला बसलं की ती खरोखरच वाचण्याची भीती असते, आणि शेजारच्या गावाला सोबत घेऊन बसलं तर जास्तच.

सगळ्यात आधी, बैठकीत उसाचा आणि दुधाचा विषय निघू देऊ नका. त्या विषयाने आपल्या जिल्ह्यात घात होतो. गोकुळ दूध संघ 1963 पासून चाललाय. दारात दोन म्हशी असलेली बाई सकाळी किटली घेऊन डेअरीत जाते, फॅट लागते, दहा दिवसांनी बिल मिळतं. तिचं दूध आणि तिच्या भावकीतल्या वैऱ्याचं दूध एकाच टँकरमधून जातं, आणि दोघांचंही नासत नाही. उसाला पाणी देणाऱ्या नदीकाठच्या पाणीपुरवठा संस्था तर त्याहून वाईट. शे-दोनशे शेतकऱ्यांत एक जॅकवेल, म्हणजे नदीतून पाणी उपसायची विहीर, एक ट्रान्सफॉर्मर, आणि पाळी लावायला एक पाटकरी. बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ त्या एका मोटरीची पाणीपट्टी एकराच्या हिशेबाने निमूट भरतात. हे कुणी बैठकीत बोललं की पुढचा प्रश्न ठरलेला : मग शेजारशेजारच्या दोन ग्रामपंचायतींना एक पंप का चालत नाही? उत्तर तयार ठेवा. 'तो व्यवहार झाला, हे शासन आहे.' एवढ्यावर भागतं.

कुणी फार भावुक होऊन पंचगंगेचा दाखला देईल. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा नद्या प्रयाग चिखलीला कसल्याही समितीशिवाय एकत्र येतात वगैरे. मान डोलवा. पाचवी सरस्वती गुप्त आहे, हे मात्र लक्षात ठेवा. बैठकीला कधी न दिसता सदस्य म्हणून नाव लावून घ्यायची आपली परंपरा तिच्यापासूनच सुरू झाली असावी.

अध्यक्ष कोण, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत काढा. तो एकदा निघाला की बाकीचे विषय आपोआप पुढच्या बैठकीवर जातात. महापालिकेचा माणूस अध्यक्ष झाला तर गावं म्हणणार, ही मागच्या दाराने हद्दवाढ. गावचा झाला तर शहर म्हणणार, आमच्या दिव्यांचं आम्ही बघतो. 1972 साली महापालिका झाली आणि पुढची पन्नास वर्षं तिची हद्द इंचभर सरकली नाही. हद्दवाढीचा विषय निघाला की एका बाजूने केएमटी, म्हणजे शहराची बस, बंद करा, पाणी बंद करा अशी हाक येते आणि दुसऱ्या बाजूला गावबंद होतो. 2017 मध्ये त्यावर उतारा म्हणून 42 गावांचं नागरी विकास प्राधिकरण झालं. अशा वातावरणात 'आपण दिवे मिळून घेऊ' म्हणणारा माणूस एकतर भोळा असतो किंवा नव्याने बदली होऊन आलेला असतो.

कायद्याचं पुस्तक आणणाऱ्यापासून विशेष सावध राहा. राज्यघटनेत 243 झेडडी नावाचं एक कलम आहे. पंचायती आणि नगरपालिका आपापले आराखडे करतील, जिल्हा नियोजन समिती ते एकत्र करील, आणि ते करताना पाण्याची व इतर नैसर्गिक साधनांची वाटणी, पायाभूत सोयी आणि पर्यावरण असे सगळ्यांच्या हिताचे विषय बघील, असं त्यात चक्क लिहिलंय. आपल्या राज्याने 1998 मध्ये त्यासाठी वेगळा अधिनियमही केला. समितीत किमान चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून आलेले असावेत, हेही त्यात आहे. म्हणजे ज्यासाठी नवी समिती नेमायचं घाटतंय, ते काम करणारी समिती आधीपासून आहे. हे बाहेर फुटता कामा नये. नियोजन समितीची बैठक म्हणजे निधी किती आला, किती खर्च झाला आणि माझ्या मतदारसंघाला किती मिळाला, एवढंच लोकांच्या डोक्यात बसलंय. ते तसंच बसलेलं बरं.

आता पंपाकडे या. कारण दिव्यांची चर्चा दिसायला बरी असली तरी पाणी चढवणाऱ्या संस्थेचं लाइट बिल खरं फुगतं ते पंपघरात. गावच्या पंपघराचं दार उघडा. खंडेनवमीला घातलेली झेंडूची माळ वाळून मोटरीवर अजून आहे, पॅनेलवर हळदीकुंकवाची बोटं आहेत. ग्लँडमधून, म्हणजे पंपाच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून, पाण्याची बारीक धार लागलीय आणि ती वाया जाऊ नये म्हणून ऑपरेटरने खाली बादली लावलीय. जिल्ह्यातलं सर्वात प्रामाणिक संवर्धन ते हेच. मोटर किती वेळा रिवाइंड झाली ते ऑपरेटरलाही आठवत नाही. कोपऱ्यातले कपॅसिटर, म्हणजे मोटर लाइनमधून ओढते तो बिनकामाचा करंट कमी करणारे डबे, पोट फुगून बसलेत, त्यांच्या वायरी केव्हाच काढून टाकल्यात, कारण 'ते लावले की फ्यूज जातो'.

इथे एखादा नुकताच लागलेला ज्युनिअर इंजिनिअर हिशेब मांडायला लागेल. हजार लिटर पाणी 100 मीटर वर चढवायला शास्त्राप्रमाणे 0.27 युनिट लागतं. धड पंपसंचाला 0.42 च्या आसपास. आपल्या दमलेल्या पंपाला सहज 0.68. पाव युनिटाचा तर फरक, असं म्हणून त्याला गप्प करू नका, कारण तो लगेच सांगेल की रोज एक कोटी लिटर उपसणाऱ्या योजनेत हा फरक दिवसाला 2600 युनिटांवर जातो. त्यातलं पाणी वाटेत गळत असेल तर गळणाऱ्या पाण्यालाही आपण आधी विजेचा खर्च करून वर चढवतो, आणि मग सोडून देतो. त्याला विचारा, 'पंप बदलायचा हेड कुठला?' हेड म्हटल्यावर तो पाण्याच्या उंचीबद्दल बोलू लागेल, तुम्ही लेखाशीर्षाबद्दल बोला. संध्याकाळ होते.

पूर्वी एक अडचण होती. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली कामाची किती याचं माप, पडला की उच्चदाब बिलावर दंडाची वेगळी ओळ यायची आणि एखादा खवचट सदस्य सभेत ती वाचून दाखवायचा. एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे कामाची-बिनकामाची सगळी वीज धरून, बिल येतं. खराब पॉवर फॅक्टर आता युनिटांच्या आकड्यातच मुरतो. वेगळी ओळ नाही की सभेत आरडाओरडा नाही. आमटीत मीठ जास्त पडलंय, पण पुडी कुणाच्या हातात होती ते दिसत नाही. कपॅसिटर बसवून ही सोय घालवू नका.

तरी कुणी म्हणेलच की गावोगावचे पंप एकदम तपासून घेऊ, एकच तपासनीस, एकच निविदा. इथे इचलकरंजीचं उदाहरण द्या, म्हणजे उलटं द्या. वरच्या बाजूची सगळी शहरं-गावं आपापलं सांडपाणी पंचगंगेला अर्पण करतात. खालच्या बाजूला इचलकरंजी आहे, तिच्या दारातून नदी जाते. पण दारातलं पाणी प्यायच्या लायकीचं नाही, म्हणून कृष्णेचं पाणी मजरेवाडीहून ओढायचं. ते पुरेना म्हणून वारणेकडे बघितलं तर तिथल्या दानोळी गावाने रस्ता अडवला. दूधगंगेवर सुळकूडला जायचं ठरलं तर कागलच्या बाजूने विरोध. आता जितकं लांबचं पाणी तितकी जास्त पाइप आणि तितकी जास्त वीज. म्हणजे एका गावाने सांडपाण्याच्या प्रक्रियेची वीज 'वाचवली' की ती दुसऱ्या गावाच्या पंपाच्या बिलात जाऊन बसते. सरळ माणूस यातून म्हणेल की मग हिशेब नदीचा एकच मांडायला हवा. तुम्ही म्हणा, 'बघा, पाण्यावरून एवढं झालं, विजेत हात घालून आणखी कशाला भांडणं?' हे वाक्य फार समंजस वाटतं. वर्तमानपत्रातही छापून येतं.

(2019 च्या महापुरात उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली, शहरभर पाणी आणि नळ कोरडे, तेव्हा कोण कुठल्या हद्दीतलं हे कुणी विचारलं नव्हतं. पण तो अपवाद. पूर ओसरला की हद्दी पुन्हा वर येतात.)

मिळून खरेदीचा मुद्दा काढणाऱ्याकडे एक हुकमी पत्ता असतो, तो आधी माहीत असू द्या. 2014 साली सरकारी खरेदीत एलईडी बल्ब 310 रुपयांना पडत होता. केंद्राने देशभराची मागणी एकत्र करून घाऊक निविदा काढल्या आणि दोन-तीन वर्षांत तोच 38 रुपयांवर आला. बल्ब तोच, फक्त मागणारे एकत्र आले. याला उत्तर नाही, त्यामुळे उत्तर देऊ नका. विषय बदला. म्हणा, 'स्वस्त माल टिकतो का?' आणि आपल्या गावचे 60 दिवे आपण स्वतंत्र कोटेशनने घ्या. तीन कोटेशनं, तिन्ही एकाच दुकानातली, तीन लेटरहेडवर. स्थानिक उद्योगाला उत्तेजन दिल्याचं पुण्यही पदरी पडतं.

दिव्यांबाबत हद्दीवरचा खांब हे तुमचं सगळ्यात मोठं शस्त्र आहे. शहर संपतं आणि गाव सुरू होतं तिथे रस्त्याच्या एका अंगाला शहराचा दिवा भर दुपारी बारा वाजता जळत असतो, कारण टायमर बिघडलाय. समोरच्या अंगाला गावचा दिवा रात्री बाराला विझलेला असतो, कारण बिल थकलंय. दोन्हीकडच्यांनी एक वायरमन ठेवला तर दोन्ही दिवे वेळेवर लागतील आणि विझतील. पण तो वायरमन पगार कुठे उचलणार, रजा कुणाकडे टाकणार आणि दिवाळीचा बोनस कुणाकडे मागणार? हे प्रश्न सोडवायला तीन बैठका लागतात. तोवर दुपारचा दिवा रात्रीच्या अंधाराची भरपाई करतोय असं समजा. सरासरी बरोबर येते.

थकबाकीलाही कमी लेखू नका. 2021 मध्ये महावितरणने राज्यभर ग्रामपंचायतींच्या दिवाबत्तीची वीज तोडली. गावंच्या गावं अंधारात. मग पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून बिलं भरा, असं ठरलं आणि दिवे लागले. पण तोडलेल्या दिवसांत त्या खांबांवर वापर शून्य युनिट होता. इतकी बचत कुठल्याही आराखड्याला जमलेली नाही.

बरं, काहीतरी केल्याचं दिसावं तर लागतंच. त्यासाठी राज्य सरकारचं माझी वसुंधरा अभियान आहे, 2020 पासून. पंचतत्त्वांत 'अग्नी' म्हणजे ऊर्जा. यात संस्था एकमेकींशी स्पर्धा करतात, ही त्यातली सोयीची बाजू. शेजारच्या गावाला तुमचा चांगला पंप दाखवलात तर त्याचे गुण वाढतील, तेव्हा दाखवू नका. ग्रामपंचायतीच्या छपरावर सोलर पॅनेल बसवा, फोटो काढा. खाली पंपघरात मोटर घुरघुरत असली तर तिकडचं दार फोटोत येऊ देऊ नका. 14 डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. शाळेतली पोरं उन्हात उभी करून शपथ घ्या, ध्वनिक्षेपक मोठा लावा, मंडपात दिवसा हॅलोजन असू द्या म्हणजे फोटो उजळ येतात.

निवडणूक झालेली नसेल तर 'प्रशासक आहेत, धोरणात्मक निर्णय कसा घेणार' म्हणा. झालेली असेल तर 'आत्ताच तर आलोय, समजून घेऊ दे' म्हणा. 2020 नंतरच्या वर्षांत पहिलं वाक्य महापालिकेत चांगलं चाललं. दुसरं पुढची अडीच वर्षं चालावं.

एवढं करूनही कधीकधी गोष्टी हाताबाहेर जातात. पाच गावांचे ग्रामसेवक चहाच्या गाड्यावर भेटतात, बिलं एकमेकांशेजारी ठेवतात, आणि त्यांच्या लक्षात येतं की पाचही ठिकाणी त्याच हॉर्सपॉवरचा, त्याच वयाचा पंप आहे. मग ते कुणाला न विचारता कागद करतात. एक तपासणी, एक निविदा, पाच पंप, एकाच माणसाकडे पाच वर्षांची देखभाल. आकडे पक्के असतात. ठराव पाचही गावांत मांडायचा राहिलेला असतो फक्त. अशा वेळी विरोध करू नका, विरोधाने माणसं एकत्र येतात. पाचही सरपंचांना जेवायला बोलवा. तांबडा-पांढरा होऊ द्या, कौतुक करा, आणि हात धुताना सहज विचारा :

"बाकी सगळं झ्याक जमलंय बघा. पण उद्घाटन कुठल्या गावात घ्यायचं ठरलं?"