लाइटबिलाचा फॉरवर्ड आणि एकशे एकावं युनिट

उन्हाळ्याची बिलं हातात पडली की भाडेकरूंच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर साधारण असा असतो: ‘वीज कंपनी रिडिंग मुद्दाम चार दिवस उशिरा घेते. 100 चे 101 युनिट झाले की अख्खं बिल वरच्या दराने लागतं. नवे मीटर जोरात पळतात, घर बंद असलं तरी बिल येतं. सरासरी बिल म्हणजे बुडालेले पैसे. मीटर मालकाच्या नावावर, त्यामुळे भाडेकरूला तक्रारीचा हक्क नाही. सरळ बिल न भरता घर सोडा.’ खाली उद्गारचिन्हं आणि ‘पुढे पाठवा’.

लिहिणाऱ्याचा वैताग खोटा नाही. बिलावर नाव मालकाचं, सुरक्षा ठेव मालकाची, नोंदवलेला मोबाईल मालकाचा, पैसे फक्त आपले. पण भाडेकरूचे पैसे जिथे खरोखर जातात, ती जागाच या मेसेजात नाही.

आधी ते एकशे एकावं युनिट. महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे आहेत, आणि ते आयकराच्या टप्प्यांसारखे चालतात: वरचा दर फक्त वरच्या युनिटांना. खरे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या आदेशांप्रमाणे बदलत राहतात, म्हणून समजण्यापुरते गोल आकडे धरू. पहिल्या शंभराला 5 रुपये, पुढच्या टप्प्याला 11, त्यापुढच्याला 15. शंभर युनिटांचे 500 रुपये झाले, तर 101 युनिटांचे 511 होतात. मेसेज सांगतो तसे 1,111 होत नाहीत.

उशिरा रिडिंगचंही तसंच. बिलाचे दिवस कमीजास्त झाले की टप्पेही त्या प्रमाणात ताणायचे, असा नियम आहे. 33 दिवसांचं बिल असेल तर पहिला टप्पा 100 ऐवजी 110 युनिटांचा. समजा त्या 33 दिवसांत 108 युनिट जळले, तर सगळे खालच्याच दराने. आणि ही सवलत चुकून दिली गेली नाही असं धरलं, तरी फरक आठ युनिटांचा, म्हणजे आपल्या गोल आकड्यांत 48 रुपयांचा. तोही सोडू नये. बिलावर मागील आणि चालू रिडिंगच्या तारखा असतात. दिवस मोजा, टप्प्यांचा हिशेब ताडून पाहा आणि जमत नसेल तर अर्ज करा. ज्या इमारतींत नवे स्मार्ट मीटर बसले आहेत, तिथे रिडिंगला माणूसच येत नाही, त्यामुळे त्याने उशीर करण्याचाही प्रश्न नाही.

एका युनिटाने होत्याचं नव्हतं होण्याची भीती दिल्लीत मात्र रास्त आहे. तिथे 200 युनिटांपर्यंत बिल शून्य आणि 201 ते 400 ला निम्मी सबसिडी, तीही मर्यादेत. एक युनिट वाढलं की शून्याचं बिल हातचं जातं. पुण्यात किंवा नाशकात तीच भीती जशीच्या तशी लावून चालत नाही.

टप्प्यांचा खरा फटका बसतो तो एका मीटरवर अनेक बिऱ्हाडं असतात तिथे, आणि मेसेज याबद्दल चकार शब्द काढत नाही. वाड्यातल्या चार खोल्या, एक मुख्य मीटर, प्रत्येक खोलीला मालकाने बसवलेला सबमीटर. प्रत्येकाचा वापर 80 युनिट, म्हणजे तसा काटकसरीचाच. पण मुख्य मीटरवर होतात 320. वरच्याच आकड्यांनी हिशेब करा: 500 अधिक 2,200 अधिक 300, म्हणजे 3,000 रुपये. चौघांचे मीटर वेगळे असते तर 400 प्रमाणे 1,600. वेगळ्या मीटरांना स्थिर आकार (वापर कितीही असो, दर बिलात लागणारी ठरावीक रक्कम) चार वेळा पडला असता हे खरं, तरी तफावत मोठीच राहते. आणि यात कंपनीने काहीच लबाडी केलेली नाही. कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि एका फ्लॅटच्या तीन खोल्या तीन जणांना दिलेल्या घरांत राहणाऱ्यांनी इथे बघावं.

अशा ठिकाणी मालक ‘युनिटला पंधरा रुपये’ असा दर ठोकून देतात. त्याची तपासणी सोपी आहे. मुख्य बिलाची प्रत मागा. त्यातला चालू महिन्याचा आकडा घ्या: वीज आकार, वहन आकार, स्थिर आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावरचं 16 टक्के वीज शुल्क. मागची थकबाकी आणि तिच्यावरचं व्याज वगळा. उरलेल्या रकमेला एकूण युनिटांनी भागा, येईल तो दर. बिल दाखवायला मालक कां कूं करत असेल तर पंधरा रुपये कुठून आले हे वेगळं विचारायची गरज नाही. कधी कधी सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, कारण 2021 च्या नियमांनुसार ही ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी ठेवावी लागते. ती मालकाच्या खात्यात जमा राहते, तिच्यावर व्याजही मिळतं. ते पैसे भाडेकरूकडून ‘लाइटबिल’ म्हणून घेणं चूक.

‘नवे मीटर पळतात’ हा दावा घरबसल्या तपासता येतो. जुने चकतीचे मीटर झिजून मंदावत आणि बारीकसारीक भार त्यांच्या गावीही नसे. इलेक्ट्रॉनिक मीटर दहा वॅटचा वायफाय राउटरही मोजतो, आणि तो महिनाभर चालू राहिला तर सात युनिट होतात. त्यात सेट-टॉप बॉक्स आणि फ्रिज चालू ठेवून गावी गेलात तर ‘बंद’ घराचं बिल येणारच. सगळं बंद केलं तरी स्थिर आकार चुकत नाही. लुकलुकणारा लाल दिवा चोरी दाखवत नाही, तो वापर मोजतो. मीटरवरच लिहिलेलं असतं, एका युनिटाला किती वेळा लुकलुकणार. समजा 3,200 लिहिलं आहे. बाकी सगळं बंद करून 2,000 वॅटचा गीझर गार पाण्यावर लावा आणि मोजा, मिनिटाला साधारण 107 वेळा व्हायला हवं. दीडशेच्या घरात जात असेल तर मीटर तपासणीचा अर्ज करण्यात अर्थ आहे. मग घरातला मेन स्विच पाडा. लुकलुक थांबली पाहिजे (काही मीटरांत दिवा स्थिर पेटून राहतो, त्याने घाबरू नका). थांबली नाही तर बिलावरचा मीटर क्रमांक मीटरवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहा. पार्किंगमधल्या मीटरच्या खोलीत 201 आणि 202 ची अदलाबदल होते, आणि मग वर्षभर शेजाऱ्याचा एसी आपण भरतो. क्रमांक जुळत असेल, तर आपल्या मीटरवरून दुसरीकडे वायर गेली आहे का, हे इलेक्ट्रिशियन सांगेल.

आता सरासरी बिल. पैसे बुडतात हे खरं नाही. रिडिंग मिळालं नाही किंवा मीटर बंद पडला की मागच्या वापराच्या सरासरीवर बिल येतं, आणि खरं रिडिंग मिळालं की फरक जमा किंवा नावे पडतो. मार्च 2020 च्या शेवटी टाळेबंदीत रिडिंग थांबलं, हिवाळ्यातल्या वापरावर बिलं गेली, आणि जूनमध्ये खऱ्या रिडिंगची बिलं आली तेव्हा राज्यभर ओरड झाली ती याचीच. त्या बिलांतही युनिट महिन्यांवर विभागून टप्प्यांचा लाभ द्यायचा होता.

पण भाडेकरूच्या बाबतीत हा फरक कोणाच्या नावे पडतो? आधीचा भाडेकरू तीन महिने एसी लावून 250 युनिट जाळत होता आणि सरासरीने 120 चंच बिल भरत होता असं धरा. 390 युनिट मीटरमध्ये साचलेले. तो गेला, तुम्ही आलात, तुमचे स्वतःचे 90 झाले आणि त्या महिन्यात रिडिंगवाल्याला मीटर सापडला. पहिलंच बिल 480 युनिटांचं. कंपनीच्या हिशेबात काही चूक नाही, कारण तिच्यासाठी ग्राहक बदललेलाच नाही. उलटही घडतं: घर रिकामं असताना सरासरीने जास्त भरलेलं नंतर वजा होतं आणि नव्या भाडेकरूला दोन महिने फुकट जातात. ती तक्रार कोणी फॉरवर्ड करत नाही!

यावर उपाय चावी घेतानाचा आहे. मीटरचा फोटो, त्यात मीटर क्रमांक आणि रिडिंग दोन्ही दिसतील असा, लगेच मालकाला पाठवायचा आणि अकरा महिन्यांच्या करारात तो आकडा लिहून घ्यायचा. शेवटच्या बिलावर मीटरची स्थिती काय लिहिली आहे तेही बघायचं. चालू आणि मागील रिडिंग एकच असून युनिट मात्र लावलेले असतील, तर ते सरासरीचं बिल. महावितरणच्या ॲपवर ग्राहकाला स्वतः रिडिंग पाठवता येतं, पण त्याची सूचना नोंदवलेल्या मोबाईलवर, म्हणजे मालकाकडे जाते. ती पुढे पाठवायला सांगून ठेवा.

हक्काचं म्हणाल तर वीज कायदा 2003 मेसेजपेक्षा उदार आहे. कलम 43 नुसार वीजजोडणी मालक किंवा भोगवटादार (म्हणजे जागेत प्रत्यक्ष राहणारा), दोघांपैकी कोणीही मागू शकतो. ग्राहकाच्या व्याख्येतही ज्याची जागा त्या वेळी पुरवठ्याला जोडलेली आहे अशी व्यक्ती येते. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही. तक्रार आधी कंपनीकडे, मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे, त्यानंतर विद्युत लोकपालाकडे. प्रत्यक्षात कार्यालयात ‘मालकाला आणा’ असं ऐकावं लागतं, हे मान्य. म्हणून बिलाची प्रत, करार आणि मीटरचा फोटो घेऊनच जावं आणि अर्जाची पोच घ्यावी.

शेवटचा सल्ला, बिल न भरता निघून जाण्याचा, तर निव्वळ घातक. कलम 56 प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडता येते. रक्कम डिपॉझिटमधून मालक कापतो ते वेगळंच. त्याच कलमात वादातल्या बिलासाठी रस्ता दिलेला आहे. मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. हरकत लेखी द्यायची आणि भरल्याची पावती तिच्यासोबत जपून ठेवायची.