‘कार्ड दाखवा, इन्शुरन्स नाकारा’: हा सल्ला भारतातून जाणाऱ्यांसाठी नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. तुमच्याही ग्रुपवर तो येऊन गेला असेल. मजकूर थोडक्यात असा: परदेशात गाडी भाड्याने घेताना काउंटरवरचा इन्शुरन्स घेऊ नका, ती निव्वळ लूट आहे. तोच इन्शुरन्स तुमच्या क्रेडिट कार्डावर आधीपासून फुकट असतो. व्हिसा, मास्टरकार्ड, कुठलंही चालतं, नुसतं दाखवायचं. अपघात झाला तर गाडी, समोरच्याचं नुकसान, हॉस्पिटल, सगळं कार्ड भरतं. जगात कुठेही. घरातल्या कोणीही गाडी चालवावी. आणि स्वतःचं कार्ड साधं असेल तर अमेरिकेतल्या मुलाचं वापरावं.

असले मेसेज मी वाचून सोडून देतो. पण दुसऱ्याच दिवशी काकांचा फोन आला. ते पुढच्या महिन्यात अकरा माणसं घेऊन कॅलिफोर्नियाला निघालेत. सॅन फ्रान्सिस्कोला उतरायचं, योसेमिटी नॅशनल पार्क करायचं, मग लॉस एंजेलिस. म्हणाले, “अरे, मी ते कव्हरवालं बुकिंग रद्द करतोय. त्याच साइटवर बिनकव्हरची गाडी बरीच स्वस्त आहे. इन्शुरन्स तर आपल्या कार्डावर आहेच.” कार्ड भारतीय बँकेचं. मेसेज पाठवणाऱ्याचं काही जात नाही, पण भोगायला लागलं तर ते काकांना लागणार. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी हा सल्ला मुळात कुणाचा आहे ते बघा. अमेरिकेत राहणारा माणूस काउंटरवर सगळं नाकारतो, कारण त्याच्या दारात स्वतःची गाडी असते आणि तिची पॉलिसी असते. ती पॉलिसी साधारणपणे अमेरिकेत भाड्याने घेतलेल्या गाडीलाही लागू होते, समोरच्याच्या नुकसानीसकट. वर त्याचं अमेरिकन कार्ड भाड्याच्या गाडीच्या डागडुजीचा खर्च उचलतं. या दोन आधारांवर तो निर्धास्त असतो. काकांकडे दोन्ही नाहीत. त्यांच्या दारातल्या गाडीची पॉलिसी भारताबाहेर अमेरिकेत चालत नाही आणि त्यांचं कार्ड अमेरिकन नाही.

आता सगळ्यात घातक वाक्य: “समोरच्याचं नुकसान, हॉस्पिटल, सगळं कार्ड भरतं.”

हे साफ खोटं आहे. भारतीय कार्डाचं सोडाच, ज्या अमेरिकन कार्डांवर ही सोय खरोखर आहे तिथेही हे खोटं आहे. व्हिसाच्या अमेरिकी कार्डांसोबत लाभांची एक पुस्तिका येते. तिच्यात भाड्याच्या गाडीच्या कव्हरखाली काय येत नाही याची यादी असते, आणि त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं असतं: भाड्याच्या गाडीच्या आत किंवा बाहेर कुणालाही झालेली इजा, कशाचंही झालेलं नुकसान, यातलं काहीही नाही. म्हणजे समोरची गाडी, तिच्यातला माणूस, रस्त्यावरचा सायकलवाला, तुमच्या मागच्या सीटवर बसलेल्या काकू, कुणीच यात येत नाही. कार्डाचं कव्हर एकाच वस्तूचं असतं: तुम्ही भाड्याने घेतलेली ती गाडी. तिचा पत्रा, तिची चोरी, ती दुरुस्तीला उभी असताना कंपनीचं बुडालेलं भाडं, आणि टोइंग. बस्स.

आपल्याकडच्या लोकांचा इथे घोटाळा का होतो हे मला समजतं. भारतात गाडीला थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे आणि मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला त्यात रकमेची वरची मर्यादा नसते. त्यामुळे ‘गाडी रस्त्यावर आहे म्हणजे थर्ड पार्टी असणारच’ हे आपण धरून चालतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा किमान आकडा वेगळा असतो आणि तो फार लहान असतो. कॅलिफोर्नियात १९६७ पासून तो एका जखमी माणसामागे १५,००० डॉलर, सगळे जखमी मिळून ३०,००० आणि मालमत्तेला ५,००० एवढाच होता. १ जानेवारी २०२५ पासून तो वाढून ३०,०००, ६०,००० आणि १५,००० झाला. भाड्याच्या गाडीसोबत कंपनीकडून काही मिळालंच, तर ते एवढं. अमेरिकेतल्या हॉस्पिटलचं बिल ज्याने एकदा पाहिलंय त्याला ३०,००० डॉलर किती दिवस पुरतात हे सांगायला नको. आणि समोर नवी इलेक्ट्रिक गाडी असेल तर १५,००० डॉलरमध्ये तिची दुरुस्ती भागेलच असं नाही.

या मर्यादेच्या वरची रक्कम कोण देणार? पुष्कळांना वाटतं, गाडी कंपनीची आहे तर कंपनी बघेल. नाही बघणार. अमेरिकेत २००५ साली केंद्रीय कायदा झाला, त्यानुसार केवळ गाडीची मालक आहे म्हणून भाडेकंपनीला जबाबदार धरता येत नाही, कंपनीची स्वतःची चूक असेल तर गोष्ट वेगळी. दावा येतो तो स्टिअरिंगवर बसलेल्या माणसावर. काकांवर.

यावर “आपण ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलाय ना” असं उत्तर येतं. ती पॉलिसी उघडून वाचा. तिच्यात ‘पर्सनल लायबिलिटी’ (तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई) नावाचं कलम असतं, त्यावरून लोकांचा गैरसमज होतो. बहुतेक पॉलिसींत त्याच कलमाखालच्या अपवादांत मोटार वाहनामुळे आलेली जबाबदारी वगळलेली असते. तुमच्या स्वतःच्या औषधपाण्याला ती उपयोगी पडेल. समोरच्याच्या नाही.

या एका कारणासाठी काकांचं कव्हरवालं बुकिंग रद्द होता कामा नये. भारतातून बुकिंग करताना अमेरिकेतल्या गाडीसाठी साइटवर पुष्कळदा दोन दर दिसतात. महागड्या दरात गाडीच्या नुकसानीची माफी (म्हणजे गाडीला काही झालं तर कंपनी तुमच्याकडून भरपाई मागत नाही) आणि समोरच्यासाठीची वाढीव लायबिलिटी, दोन्ही धरलेलं असतं, आणि ही लायबिलिटी अनेकदा १० लाख डॉलरपर्यंत असते. काउंटरवर तेच वेगवेगळं घ्यायला गेलात तर रोजचे चांगले ४०-५० डॉलर वाढू शकतात. काउंटरवर महाग पडतं ही मेसेजमधली तक्रार मी मान्य करतो, आणि तिथला माणूस तुम्हाला नको असलेल्या चार गोष्टीही गळ्यात मारू बघतो, हेही खरं. पण त्यावरचा उपाय घरून नीट बुकिंग करून जाणं हा आहे, उघड्यावर जाणं हा नव्हे.

“कुठलंही कार्ड चालतं.” नाही चालत. भारतीय कार्डावर ‘मोफत ट्रॅव्हल इन्शुरन्स’ असं लिहिलेलं असतं ते बहुधा विमान अपघातातला मृत्यू, हरवलेलं सामान आणि चोरीला गेलेलं कार्ड यांच्यापुरतं असतं. भाड्याच्या गाडीचा त्यात उल्लेख शोधा. सापडला नाही तर ते कव्हर नाही. खुद्द अमेरिकेतसुद्धा सगळ्या कार्डांवर ही सोय उरलेली नाही. डिस्कव्हर या कार्ड कंपनीने २०१८ मध्ये ती बंद केली, सिटीने सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या बहुतेक कार्डांवरून काढली. मेसेज लिहिणाऱ्याने हे तपासायचे कष्ट घेतलेले नाहीत.

“नुसतं कार्ड दाखवायचं.” दाखवून काही होत नाही. ज्या कार्डावर सोय आहे त्याच कार्डाने भाडं पूर्ण भरावं लागतं आणि कंपनीची नुकसानमाफी लेखी नाकारावी लागते. गाडीला काही झालं तर कंपनी आधी तुमच्याच कार्डावरून रक्कम वसूल करते. मग तुम्ही भाडेकरार, नुकसानीचा अहवाल, पोलिस रिपोर्ट, फोटो, दुरुस्तीचं बिल असं सगळं गोळा करून कार्डवाल्यांच्या मागे लागायचं. व्हिसाच्या पुस्तिकेत नुकसान कळवायला ४५ दिवसांची मुदत असते. सहलीवरून परत येऊन जेट लॅग उतरेपर्यंत आणि कामाला लागेपर्यंत त्यातले किती उरतात, बघा.

“जगात कुठेही.” अमेरिकन एक्सप्रेसच्या अमेरिकी कार्डांवरच्या गाडीच्या कव्हरमधून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इटली वगळलेले आहेत. व्हिसाच्या अनेक पुस्तिकांत इस्रायल, जमैका, आयर्लंड आणि उत्तर आयर्लंड वगळलेले असतात. म्हणजे आपली मंडळी हौसेने गाडी घेऊन फिरतात ते न्यूझीलंड आणि इटली नेमके बाहेर. इटलीत तर नुकसानमाफी भाड्यातच धरलेली असते, मोठ्या रकमेची वजावट, म्हणजे तेवढ्यापर्यंतचं नुकसान, तुमच्या माथी ठेवून. जी गोष्ट भाड्यातच आहे ती नाकारायची कशी? आणि नाकारली नाही तर कार्डाची अट मोडते.

युरोपबद्दल एक गोष्ट कबूल करतो. युरोपियन युनियनमध्ये थर्ड पार्टी कायद्याने सक्तीची आहे आणि ती भाड्यातच येते, तिचे किमान आकडेही अमेरिकेच्या तुलनेत फार मोठे आहेत. त्यामुळे कुणी नीट तपासलेलं कार्ड घेऊन फ्रान्स-जर्मनीत नुकसानमाफी नाकारत असेल तर त्याला मी अडवणार नाही. पण तो माणूस हा मेसेज वाचून निघालेला नसतो. त्याने पुस्तिका वाचलेली असते.

“घरातल्या कोणीही चालवावी.” हे वाचून मला संताप आला. भाडेकरारावर ज्याचं नाव नाही त्याने गाडी चालवली की करार मोडला, आणि करार मोडला की कंपनीची माफीही जाते आणि कार्डाचं कव्हरही जातं. कॅलिफोर्नियात कायद्याने नवरा-बायकोला सवलत आहे, लायसन्स आणि वय बसत असेल तर जोडीदाराचं नाव वेगळं घालावं लागत नाही. मेहुणा, पुतण्या, जावई यांना ती नाही. योसेमिटीच्या घाटात काका दमले आणि माझ्या चुलतभावाने चाक हातात घेतलं, एवढ्यावर सगळं रद्द होऊ शकतं. जास्तीच्या ड्रायव्हरचे रोजचे काही डॉलर द्या आणि पिकअपच्या वेळी दोघांची नावं कागदावर घाला.

अकरा माणसांची गाडी म्हणजे बारा सीटची व्हॅन. नऊपेक्षा जास्त माणसांसाठी बनवलेल्या व्हॅन व्हिसाच्या पुस्तिकेत सरळ वगळलेल्या असतात, मोटारसायकली, ट्रक आणि महागड्या गाड्यांच्या रांगेत. म्हणजे काकांकडे उत्तमातलं अमेरिकन कार्ड असतं तरी या गाडीला ते लागू झालं नसतं. दोन सात सीटच्या गाड्या घेतल्या तर हा प्रश्न येत नाही, पण मग ड्रायव्हर दोन आणि करारही दोन.

राहिला मुलाच्या अमेरिकन कार्डाचा तोडगा. घरोघरी हेच चालू आहे: मुलगा न्यू जर्सीत, आईवडील आणि त्यांचे मित्र फिरायला लॉस एंजेलिसला, मुलगा त्याच्या कार्डाने बुकिंग करून देतो. कव्हर कार्डधारकाला असतं, आणि करारावर मुख्य भाडेकरू म्हणून त्याचंच नाव असावं लागतं. वडिलांच्या नावाने गाडी आणि मुलाच्या कार्डाने पैसे, यात कव्हर कुणालाच मिळत नाही. मुलगा स्वतः विमानाने येऊन काउंटरवर उभा राहणार असेल, त्याच्या नावाने करार होणार असेल आणि वडिलांचं नाव दुसरा ड्रायव्हर म्हणून चढणार असेल, तर गाडीच्या पत्र्याचं भागेल. समोरच्या माणसाचं तेव्हाही नाही. त्यासाठी मुलाने आपल्या गाडीच्या पॉलिसीवाल्याला विचारावं की भाड्याच्या गाडीवर माझे वडील बसले तर तुम्ही धरता का, आणि उत्तर ईमेलने मागावं.